आड आणि पोहरा



व्याख्यानाला विषय काय घेणार, असं वाचनालयाच्या चिटणिसांनी फोनवर विचारलं तेव्हा मी म्हणालो, आरोग्यविषयक नियतकालिकाकडे पाठवायचा संशोधनलेख कसा तयार करावा. पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग ते चाचरत म्हणाले, ‘सर, काल शिवचरित्राला बाहेर मांडव घालावा लागला.’ त्यांची काळजी खरी होती, हे या रिकाम्या खुर्च्यांकडे पाहून कळतंच आहे. तरी मी हट्ट सोडला नाही. मागच्या रांगांत वैद्यकीय महाविद्यालयाचे पंचवीस-तीस विद्यार्थी बसलेत, त्यांच्यासाठी तर हा विषय आहेच. पण पुढच्या रांगेतल्या आजींचाही त्याच्याशी संबंध आहे. त्यांच्या नातवाला उद्या इंगळी चावली, तर डॉक्टर कोणती गोळी देईल हे कुणीतरी, कुठेतरी, नीट लिहून ठेवलं होतं म्हणूनच ठरणार आहे.

ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्या डॉक्टरांचा दवाखाना तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलेला असेल. त्यांच्या चोपड्या मात्र थोड्यांनीच पाहिल्या असतील. अकरा चोपड्या. किराणा दुकानात खतावणी असते तशा, लाल कापडी पुठ्ठ्याच्या. ते गेल्यावर त्यांच्या मुलाने त्या माझ्याकडे पोचवल्या आणि म्हणाला, ‘बाबांनी चाळीस वर्षं लिहिलंय. यातून एखादा पेपर निघतो का बघा. त्यांच्या नावाने छापू.’ मी त्या काळात एका लहानशा आरोग्य-नियतकालिकाचं संपादन करत होतो. पावसाळ्यातला एक महिना त्या चोपड्यांवर घालवला. त्यातली एक नोंद मला पाठ आहे: ‘इंगळी. डावा अंगठा. दरदरून घाम. तीन उलट्या. हातपाय गार. पहाटे छाती भरली. गेला. वय ९.’ निळ्या शाईत, घाईत लिहिलेली. ‘गेला’ या शब्दाखाली रेघ.

अशा नोंदी मोजल्या तर विंचूदंशाच्या सव्वीस भरल्या. सव्वीसपैकी एकोणीस दगावलेले. आता सांगा, या गावात इंगळी चावली की चारातले तीन मरत होते का? छे! डॉक्टरांकडे दर उन्हाळ्यात कितीतरी दंश यायचे. चुना लावून, कळा सोसून, सकाळी घरी जायचे. ते लिहिलेच नाहीत. जो रात्रभर डोळ्यांसमोर होता आणि हातून निसटला, तोच चोपडीत आला. मनाला लागलं ते लिहिलं, साधं होतं ते सोडलं. माणूस म्हणून यात काही चूक नाही. पण त्या सव्वीसांच्या खाली भागायला आकडा नव्हता. किती जणांपैकी सव्वीस? ते कुणालाच ठाऊक नाही. मुलाला मी ‘पेपर निघत नाही’ असं सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. मलाही ते सांगणं जड गेलं, कारण त्या नोंदीतलं निरीक्षण चोख होतं. घाम, उलट्या, गार हातपाय आणि त्यानंतर छाती भरणं. हा क्रम त्यांना दिसलेला होता.

हाच क्रम दुसऱ्या एका माणसालाही दिसला. महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर नावाचे तरुण डॉक्टर रुजू झाले. जालना जिल्ह्यातलं गाव, नागपूरला एमबीबीएस. कोकणातला लाल विंचू चावलेली माणसं, विशेषतः पोरं, त्यांच्यासमोर मरत होती. पाठ्यपुस्तकात विंचवाला फारशी जागा नव्हती. बावस्करांनी रुग्णाच्या खाटेशी बसून तपासायला सुरुवात केली. कोणत्या रुग्णाला उलट्या झाल्या, कुणाला घाम फुटला, पुरुष रुग्णांत लिंगाला ताठरता आली का, हातपाय कधी गार पडले, नाडी, रक्तदाब, फुफ्फुसातलं पाणी. १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा लेख आला. सांगणं एवढंच होतं: लाल विंचवाच्या दंशानंतर हृदयावर परिणाम होणार आहे की नाही, हे या लक्षणांवरून आधी ओळखता येतं. यंत्र लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही. १९८६ साली त्याच नियतकालिकात प्राझोसिनबद्दल त्यांचं आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांचं लेखन आलं. प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी. विंचवाच्या विषाने ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय त्या आवळलेल्या नळ्यांविरुद्ध ढकलून ढकलून थकतं; ही गोळी त्या सैल करते. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शंभरात पंचवीस-तीस दगावत. प्राझोसिन आल्यावर हे प्रमाण चाराच्या खाली गेल्याचं त्यांच्या पुढच्या लेखांत आहे.

माझ्या विद्यार्थ्यांना मी नेहमी त्यांचा २०११ सालचा ‘बीएमजे’मधला लेख वाचायला देतो. सत्तर रुग्ण. पस्तीस जणांना प्रतिविष आणि प्राझोसिन, पस्तीस जणांना नुसतं प्राझोसिन. कुणाला काय द्यायचं हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं नशिबावर सोडलेलं. दहा तासांनी लक्षणं पूर्ण गेलेले किती? पहिल्या गटात ३५ पैकी ३२, दुसऱ्या गटात ३५ पैकी ८. झालं. लेखाचा गाभा या चार आकड्यांत मावतो. आता दोन गोष्टी बघा. ज्या गोळीने त्यांचं नाव जगभर गेलं, ती एकटी दिली तर प्रतिविषाच्या जोडीपेक्षा कमी पडते, हे त्यांनी स्वतःच छापलं. आणि कोणाला काय दिलं हे डॉक्टरांना व रुग्णांना माहीत होतं, म्हणजे चाचणी ‘ओपन लेबल’ होती, ही उणीव त्यांनी शेवटच्या परिच्छेदात दडवली नाही. थेट शीर्षकात घातली. तालुक्याच्या गावातलं स्वतःचं रुग्णालय, सत्तर रुग्ण, आणि लेख ‘बीएमजे’त.

आमचे डॉक्टर आणि बावस्कर यांच्यात बुद्धीचा फरक होता असं मला वाटत नाही, आणि कळकळीचा तर मुळीच नव्हता. एकाने जे लक्षात राहिलं ते लिहिलं, दुसऱ्याने प्रत्येकाचं तेच ते लिहिलं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण आपण उठता-बसता वापरतो. संशोधनलेख हा पोहरा आहे. नियतकालिकाचे नियम, शब्दमर्यादा, संदर्भांची पद्धत ही सगळी दोराची आणि पोहऱ्याची निगा. आड म्हणजे तुमची नोंदवही. लोक माझ्याकडे दोर दुरुस्तीला येतात. मी आधी आडात डोकावतो.

लेखाची रचना आता सगळीकडे सारखीच असते: प्रस्तावना, पद्धती, निष्कर्ष, चर्चा. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९६५ साली यामागचे चार प्रश्न सोप्या भाषेत मांडले होते: सुरुवात का केली, केलं काय, मिळालं काय, आणि त्याचा अर्थ तरी काय. हेच ते हिल, ज्यांनी क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीची आखणी केली. १९४८ सालचा तो लेख आजही वाचावा. औषध आणि विश्रांती मिळालेले ५५ रुग्ण, नुसती विश्रांती मिळालेले ५२. सहा महिन्यांत पहिल्यांतले ४ गेले, दुसऱ्यांतले १४. विशेषणं नाहीत. ‘क्रांतिकारक’ नाही, ‘अभूतपूर्व’ नाही.

पहिल्या प्रश्नाला, म्हणजे ‘का केलं’ याला, तीन परिच्छेद पुष्कळ झाले. इथे आमच्या एमडीच्या मुलांची अडचण होते. त्यांच्याकडे शोधप्रबंध तयार असतो आणि त्यात पूर्वसंशोधनाचा आढावाच चाळीस पानांचा. त्यातलं काहीही टाकवत नाही. शोधप्रबंध म्हणजे लग्नातलं रुखवत. त्यात साखरेचं तुळशीवृंदावनही मांडतात, कारण ते बघण्यासाठीच असतं. लेख म्हणजे एसटीने जाणाऱ्याची पिशवी. मांडीवर मावेल तेवढंच घ्यायचं. रक्तक्षयावर लिहिणाऱ्याने लोहाचा शोध कोणी लावला इथून सुरुवात करू नये. एवढं सांगितलं तरी काही जण दुखावतात.

दुसऱ्या प्रश्नाशी मात्र थांबायला हवं, कारण माझ्या टेबलावर आलेले बहुतेक लेख तिथेच फसले. पद्धतीचा विभाग इतका नेटका हवा की गडहिंग्लजचा किंवा मणिपूरचा एखादा अनोळखी डॉक्टर तो वाचून तेच काम तसंच करू शकेल. रुग्ण कुठून घेतले? किती तारखेपासून किती तारखेपर्यंत? लागोपाठ आलेले सगळे, की सोयीने निवडलेले? कोणाला वगळलं? रक्तदाब बसवून घेतला की झोपवून, एकदा की दोनदा, कोणत्या यंत्राने? ‘प्रमाणित पद्धतीने तपासणी करण्यात आली’ हे वाक्य मी हजार वेळा खोडलं असेल. प्रमाणित म्हणजे कोणाच्या प्रमाणाने?

‘कुठून घेतले’ या प्रश्नाला केवढं वजन आहे, याचं उदाहरण गडचिरोलीत आहे. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा १९८९ सालचा ‘लॅन्सेट’मधला लेख. दोन खेडी, ६५० स्त्रिया. ९२ टक्के स्त्रियांना एक तरी स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार, आणि सरासरी एकेकीला साडेतीनहून जास्त. त्याआधी कधी तपासणी-उपचार झालेल्या स्त्रिया शंभरात फक्त ८. हे आकडे वाचून जगातले तज्ज्ञ दचकले. दचकले, कारण या बायका दवाखान्याच्या ओळीतून उचललेल्या नव्हत्या. दवाखान्यात आलेल्या शंभरांपैकी ब्याण्णव आजारी निघाल्या तर त्यात नवल काय? आजारी म्हणूनच तर त्या आल्या. बंगांच्या चमूने गावच घेतलं. काहीएक तक्रार नसलेल्या बायकाही तपासल्या. तपासलेल्यांपैकी ४५ टक्के जणींची काही तक्रारच नव्हती. आमच्या डॉक्टरांच्या चोपडीत हेच नव्हतं: न कण्हणारा रुग्ण. पुढे १९९९ साली घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याच्या प्रयोगावर बंगांचा लेख आला. तिथे काम केलेली ३९ गावं होतीच, पण त्यांच्याशी तुलनेसाठी ज्या ४७ गावांत हा प्रयोग केला नाही तिथलेही जन्म आणि मृत्यू तेवढ्याच निगुतीने मोजलेले होते. म्हणून नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला, या विधानाला आधार मिळाला. २०११ पासून देशभरच्या आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात, तो कार्यक्रम अशा मोजणीच्या पायावर उभा आहे.

आता निष्कर्षांचा विभाग. एक हस्तलिखित जवळून दाखवतो. आकडे बदलले आहेत, लेखकाची ओळख लागू नये म्हणून. विषय गर्भवतींमधला रक्तक्षय. सारांशात लिहिलं होतं, २१२ स्त्रिया. पहिल्या तक्त्यात बेरीज २०८. दुसऱ्या तक्त्यात वयोगटांची बेरीज २०५. आणि चर्चेत वाक्य होतं: ‘बहुसंख्य गर्भवतींमध्ये रक्तक्षयाचे लक्षणीय प्रमाण आढळून आले असून ही चिंतेची बाब आहे.’ लेखिका निवासी डॉक्टर होती, हुशार. मी तिला बोलावलं. चार कुठे गेल्या? ती म्हणाली, ‘सर, चार नमुने गोठले होते.’ आणि आणखी तीन? वह्या पुन्हा काढल्या. तीन फॉर्मांवर वयाचा रकाना कोरा होता. मी म्हटलं, हेच लिही. यात लाजण्यासारखं काय आहे? नमुने गोठतात, फॉर्म कोरे राहतात. ज्या लेखात सगळंच भरून आलेलं असतं त्याचाच मला संशय येतो. मग ते वाक्य आम्ही असं केलं: ‘हिमोग्लोबिन मोजता आलेल्या २०८ गर्भवतींपैकी १२७ जणींचं ११ ग्रॅमहून कमी होतं (६१ टक्के).’ चिंता करायची की नाही ते वाचणारा ठरवेल.

टक्केवारीचा मोह तर विचारू नका. सात रुग्णांपैकी तिघे बरे झाले, तर लेखक लिहितो ४२.८६ टक्के. सात माणसांत दशांशानंतर दोन आकडे! ‘तिघे’ लिहावं. संख्याशास्त्राचंही तेच. निवासी डॉक्टर सगळी माहिती गोळा झाल्यावर एक्सेलची फाईल घेऊन संख्याशास्त्रज्ञाकडे जातात आणि म्हणतात, ‘मॅडम, यातून पी-व्हॅल्यू काढून द्या.’ लुगडं विणून झाल्यावर कोष्ट्याला काठ कोणता घालायचा हे सांगण्यातला प्रकार. किती रुग्ण घ्यायचे, मुख्य परिणाम कोणता मोजायचा, हे पहिला रुग्ण घेण्याआधी तिच्याशी बोलून ठरतं.

जे आधीच करायचं आणि मागाहून करता येत नाही, त्यात नीतिसमितीची परवानगी आली. एकदा एका हस्तलिखितात परवानगीची तारीख शेवटचा रुग्ण तपासल्याच्या दोन महिन्यांनंतरची निघाली. लेखकाने मला फोन करून विचारलं, ‘तारीख नाही छापली तर चालेल का?’ तो लेख त्याच दिवशी परत गेला. औषधांच्या चाचण्यांची नोंदणीही तशीच. वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने २००५ पासून आधी नोंदणी नसलेली चाचणी न छापण्याचं धोरण घेतलं. आपल्याकडे सीटीआरआय ही नोंदणी २००७ साली सुरू झाली आणि औषधांच्या चाचण्यांना ती १५ जून २००९ पासून सक्तीची आहे. कारण साधं आहे. आपण काय मोजणार हे आधी चारचौघांत सांगितलं नसेल, तर जे जुळलं तेच मोजायचं होतं असं नंतर म्हणता येतं. रुग्णाचा फोटो छापायचा तर त्याची लेखी संमती हवी. डोळ्यांवर काळी पट्टी मारली म्हणजे माणूस ओळखू येत नाही, ही समजूत सोडा. गावात चालीवरून ओळखतात.

लेखकांच्या नावांबद्दल बोलताना मला थोडं सांभाळून बोलावं लागेल, कारण सभागृहात काही विभागप्रमुख बसले आहेत. माझ्या पहिल्या लेखावर माझं नाव पाचवं होतं. आधीच्या चौघांपैकी एकाने रुग्ण पाहिले होते; दुसऱ्याची तेव्हा बढती होती, तिसरे निवृत्त होणार होते म्हणून सन्मान, आणि चौथ्यांचं नाव का होतं हे मला आजवर कळलं नाही. आकडेमोड करून देणाऱ्या बाईंचं नाव आभारातही नव्हतं. पंगतीत पहिल्या रांगेला कोण बसलं हे सगळे बघतात, चुलीशी कोण होतं हे कोणी विचारत नाही. संपादकांच्या त्या समितीने चार अटी घातल्या आहेत आणि चारही पूर्ण व्हाव्या लागतात: आखणीत, माहिती गोळा करण्यात किंवा तिचा अर्थ लावण्यात खरा वाटा, लेखाचा मसुदा लिहिण्यात किंवा कसून सुधारण्यात सहभाग, अंतिम प्रतीला मान्यता, आणि उद्या कोणी बोट दाखवलं तर उत्तर द्यायची तयारी. चौथी अट २०१३ साली आली. ती वाचून दाखवली की मानाची नावं आपसूक गळतात, हा माझा अनुभव. ज्यांनी माहिती गोळा केली पण लेखनात नव्हते, त्या एएनएम, आशा, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ यांची नावं आभारात नावानिशी घाला, त्यांना विचारून.

या समितीचा जन्म मात्र फार घरगुती कारणाने झाला. १९७८ साली काही वैद्यकीय संपादक कॅनडातल्या व्हँकूव्हरला जमले. प्रत्येक नियतकालिकाची संदर्भ देण्याची तऱ्हा वेगळी; लेख एकाने परत केला की दुसऱ्याकडे पाठवण्यासाठी तो सगळा पुन्हा टाइप करावा लागे. टंकलेखकांचा हा जाच वाचावा म्हणून त्यांनी एकच पद्धत ठरवली आणि पुढच्या वर्षी छापली. मजकुरात क्रमाने आकडे, शेवटी त्याच क्रमाने यादी, ही ती व्हँकूव्हर पद्धत. आता टाइपरायटर गेले आणि ऑनलाइन पोर्टल आली, पासवर्ड आले, तेरा पडदे आले. वाचलेला जाच व्याजासकट परत आला. त्यासाठी एकच सांगतो: नियतकालिकाच्या ‘लेखकांसाठी सूचना’ हे पान छापून घ्या आणि हातात पेन घेऊन वाचा. शब्दमर्यादा, तक्त्यांची संख्या, लेखकांची नावं वेगळ्या फाईलमध्ये हवीत का, हितसंबंध, निधी. चाचणी असेल तर कन्सॉर्टची आणि निरीक्षणात्मक अभ्यास असेल तर स्ट्रोबची तपासयादी भरा. दोन तासांचं काम आहे. कंटाळवाणं आहे. करा.

भाषेची भीती घालवायची आहे. मराठी माध्यमातून आलेली मुलं माझ्याकडे येऊन म्हणतात, ‘सर, इंग्लिश कच्चं आहे, म्हणून लेख परत आला.’ परत आलेलं पत्र दाखवा म्हटलं तर त्यात इंग्रजीबद्दल अर्धी ओळ असते आणि रुग्ण कसे निवडले याबद्दल पाऊण पान. व्याकरण कोणीही सुधारून देतं. मी तर सांगतो, आधी घरी जेवताना वहिनीला मराठीत सांगा: आम्ही काय केलं, काय सापडलं. तिने मध्येच ‘म्हणजे नेमकं काय?’ असं विचारलं, तर तिथेच तुमच्या लेखात भोक आहे. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं वाक्यं घासूनपुसून देतात. संपादकांचा नियम असा की ते साधन लेखक म्हणून नोंदवता येत नाही आणि वापरलं असेल तर सांगायला हवं. मला त्याचा राग नाही. पण मागच्या वर्षी परीक्षणासाठी आलेल्या एका लेखात मी बारा संदर्भ शोधले आणि त्यातले तीन पृथ्वीवर कुठेच नव्हते. लेखकाने एकही मूळ लेख उघडलेला नव्हता. न वाचलेल्याचा हवाला देणं हे न पाहिलेल्याची साक्ष देण्यासारखं आहे.

पाठवायचं कुठे, यात फसवणूक फार. ‘आदरणीय प्राध्यापक महोदय’ म्हणून रोज सकाळी ईमेल येते, तीन दिवसांत छापू म्हणते, आणि पैसे मागते. २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकाने एक सापळा लावला. मुद्दाम ढोबळ चुका केलेला खोटा लेख ३०४ मुक्त नियतकालिकांकडे पाठवला. १५७ जणांनी स्वीकारला. त्यात भारतातून चालणारी पुष्कळ होती. बढतीसाठी आकडा लागतो, तो आकडा विकणारी दुकानं निघतात. पण मोठं नाव म्हणजे खात्री, असंही समजू नका. करोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात, २२ मे २०२० रोजी, ‘लॅन्सेट’मध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवर लेख आला. ९६,०३२ रुग्ण, ६७१ रुग्णालयं, सहा खंड. त्यावरून काही चाचण्या थांबवल्या गेल्या. लोकांनी शंका काढल्या. मूळ नोंदी तटस्थ तपासनिसांना दाखवा म्हटलं. माहिती पुरवणाऱ्या सर्जिस्फिअर या कंपनीने त्या दिल्या नाहीत. ४ जूनला चारपैकी तीन लेखकांनी लेख मागे घेतला. तेरा-चौदा दिवसांचं आयुष्य. शहाण्णव हजारांचा पोहरा काठोकाठ भरलेला दिसत होता, पण आड कोणालाच पाहायला मिळाला नाही. महाडचे सत्तर रुग्ण मात्र लिहिणाऱ्यांनी स्वतः पाहिलेले होते.

लेख परत येईल. पहिल्या फेरीत बहुतेकांचा येतो. परीक्षकाच्या अभिप्रायावर रागावून त्याच रात्री उत्तर लिहू नका. दुसऱ्या दिवशी त्याचं वाक्य वर, तुमचं उत्तर खाली आणि लेखात कोणत्या पानावर बदल केला ते, असं एकेका मुद्द्यानुसार लिहा. न पटलेलं न पटल्याचं सांगा, कारणासह. मूर्ख प्रश्न वाटला तरी मनाशी एवढंच म्हणा की, वाचणाऱ्याला इथे कळलं नाही.

आमच्या डॉक्टरांच्या अकरा चोपड्या आता या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, डावीकडच्या काचेच्या कपाटात आहेत. ग्रंथपालांकडे किल्ली आहे. विद्यार्थ्यांनी त्या जरूर पाहाव्यात. ‘वय ९’ ची ती नोंद पाचव्या चोपडीत आहे. आणि एक विनंती. सभा संपल्यावर माझा नंबर घ्याल, तर लेख पाठवायच्या आदल्या रात्री फोन करू नका. तेव्हा मी फार तर दोर बदलून देईन. पहिला रुग्ण तपासण्याआधी, नोंदवहीचे रकाने आखायला बसाल तेव्हा करा; रात्री साडेनऊपर्यंत मी जागा असतो.